पट्टी उतरली, मी नाही

माझा आवाज गेला हे मला कळायच्या आधी सांगलीतल्या निम्म्या नाटकवाल्यांना कळलं होतं. मंडईत भाजी घेताना एखादा गाठायचा, चेहरा पाडायचा आणि म्हणायचा, "ऐकलं हो. फार वाईट झालं." मी विचारायचे, "कोण गेलं?" मग त्याची पंचाईत व्हायची. माझ्या गळ्यावरच्या टाक्यांकडं बघत तो काहीतरी पुटपुटायचा आणि कोथिंबिरीच्या जुडीत तोंड घालायचा.

झालं होतं ते एवढंच. गळ्यात थायरॉइडची गाठ होती, ती काढली. गाठ साधी निघाली, जीव वाचला, पण काढताना आवाजाच्या एका शिरेला धक्का बसला. डॉक्टर माणूस चांगला होता. म्हणाला, "बोलणं हळूहळू सुधारेल. गाण्याचं मात्र आता विसरा." मी त्याला विचारलं, "तुम्ही संगीत नाटक बघितलंय कधी?" तो म्हणाला, नाही. "मग मी काय विसरायचं ते तुम्हाला कसं ठाऊक?" हे सगळं मी बोलले ते फाटक्या पिपाणीसारख्या आवाजात, त्यामुळं त्याला अर्धंच कळलं असावं. आमचे हे माझ्या बाजूलाच उभे होते. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म काढलेला माणूस, भांडणं बघून न घाबरणारा. त्या दिवशी मात्र त्यांनी मान खाली घातली, आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "गळा गेला तर गेला. तोंड हाय की अजून जागच्या जागी."

हा गळा काही मला कुणी दान दिलेला नव्हता, म्हणून तो गेला असं दुसऱ्या कुणी सांगितलेलं मला खपत नाही. मी आटपाडीकडच्या माळावरची. घरात मेंढरं. पाणी नसलं की वडील कळप घेऊन नदीकाठच्या उसाच्या गावांकडं उतरायचे आणि आम्ही पोरं मागून. माळावर कळप पांगला की लांबून हाळी द्यावी लागते. ती हाळी वाऱ्याच्या उलटी जायला हवी, नाहीतर मेंढरू ऐकत नाही. माझा आवाज तिथं तयार झाला. पुढं सांगलीत मोठमोठ्या लोकांनी त्याला नैसर्गिक देणगी वगैरे म्हटलं, तेव्हा मला हसू यायचं. देणगी कसली, मेंढरं वळायची होती.

सांगलीला मी मावशीकडं शिकायला आले आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये गायले. तिथं एक म्हातारे गुरुजी पाहुणे म्हणून आले होते. हे गुरुजी तरुणपणी नाटकात बायकांची कामं करायचे. त्यांनी मला शिकवायला घेतलं. म्हणजे बाईसारखं कसं चालायचं, पदर कसा सावरायचा, मान किती वळवायची हे मला बाईला एका पुरुषानं शिकवलं. पाठ वाकलेली, दात पडलेले, पण हातात पदर धरल्याचा नुसता अभिनय केला तरी समोर राणी उभी राहायची. मी ढेंगा टाकत चालायचे. ते कपाळावर हात मारून म्हणायचे, "अगं, राणी आहेस तू. मेंढरं मागं येणार नाहीत, दरबार येणार आहे."

त्यांनी मला काळी चारची पट्टी दिली, म्हणजे सा धरायची जागा. बाजाच्या पेटीवर काळी चार ही बायकांची नेहमीची पट्टी, त्यात काही विशेष नाही. विशेष हे, की त्या पट्टीत वरच्या सप्तकात जाऊन मी स्वर उभा धरायचे, तो हलायचा नाही.

मग आमच्या भावकीत बोंबाबोंब झाली. पोरगी नाटकात नाचते, असं आटपाडीपर्यंत गेलं. एक चुलते मुद्दाम सांगलीला येऊन मावशीच्या दारात उभं राहून म्हणाले, "आमच्या घरातली बाई तोंडाला रंग लावत न्हाई." मी आतून ओरडले, "मग तुमी नका लावू!" लग्न जमायला उशीर झाला तो त्यामुळंच. आमच्या ह्यांनी बघायच्या कार्यक्रमात एकच प्रश्न विचारला होता, की दौऱ्यावर जाताना कुठल्या गाडीनं जाता. मी सांगितलं, एसटीनं. "मग हरकत न्हाई," म्हणाले.

संगीत नाटक करणाऱ्या मोठ्या मंडळ्या माझ्या वेळी संपत आलेल्या होत्या. साताऱ्याला, मिरजेला, कोल्हापूरला प्रयोग व्हायचे, पण पोट भरेल इतके नाही. माझं खरं काम झालं ते गावोगावच्या जत्रांत. ही पद्धत बाहेरच्यांना सांगितली तर खरी वाटत नाही. गावातले पुरुष हौसेनं नाटक बसवतात. महिनाभर देवळात तालमी करतात. बाईचं काम करायला गावातली बाई मिळत नाही, म्हणून सांगलीहून पैसे देऊन नटी बोलावतात. नटी येते ती थेट प्रयोगाच्या दिवशी, दुपारी एकदा नाटक चालवून बघते आणि संध्याकाळी उभी राहते. अशी नाटकं मला कितीतरी तोंडपाठ होती. कुंडलला एक, पलीकडच्या गावाला दुसरं, विट्याच्या अंगाला तिसरं. गाडीत बसले की आज मी कोण आहे ते आधी आठवायचे.

आणि महिनाभर तालीम करताना नटीच्या जागी काय असायचं? खुर्ची. लोखंडी घडीची खुर्ची, तिच्यावर एखादी शाल टाकलेली. बिचारे शेतकरी त्या खुर्चीशी प्रेमाचे संवाद म्हणायचे, तिच्या पाया पडायचे, तिच्यावर संशय घ्यायचे. मग प्रयोगाला मी आले की त्यांना माझ्याकडं बघायची इतकी लाज, की सगळे संवाद खुर्चीच्या जागेलाच म्हणायचे. मी डाव्या बाजूला उभी आणि नायक उजवीकडं बघून म्हणतोय, "प्रिये, माझ्याकडं बघ." लोक हसून लोळायचे. दोन-तीन वेळा असं झाल्यावर मी शहाणी झाले. गावात उतरले की पहिलं विचारायचे, "खुर्ची कुठं ठेवत होता?" आणि तिथंच जाऊन उभी राहायचे.

आता ज्या गावाची गोष्ट सांगायची आहे ते विट्याजवळचं. तिथं दरवर्षी जत्रेला एकच नाटक होतं, त्यांचं स्वतःचं. गावातल्याच एका शाळामास्तरांनी पूर्वी कधीतरी लिहिलेलं, चालीही त्यांच्याच. दुसरीकडं कुठं ते झालेलं नाही. राजा शत्रूच्या कैदेत सापडलाय, प्रधान फितूर झालाय, आणि तो भर दरबारात राणीकडं किल्ल्याच्या किल्ल्या मागतो. राणी नाही म्हणते. नुसती म्हणत नाही, गाते. भीमपलासातलं पद आहे आणि शेवटी वरच्या सप्तकात एक लांब स्वर. तिथं गाव उठून उभं राहायचं. माझ्या विशीपासून मी ती राणी होत आले. प्रधान बदलले, राणी तीच राहिली. आता प्रधान होते ते एक निवृत्त सुभेदार, पांढऱ्या मिशांचे, आवाज परेडचा. दरबारातसुद्धा "सावधान" म्हटल्यासारखं बोलायचे.

ऑपरेशननंतर त्या गावाची जत्रा एकदा माझ्याशिवाय झाली. दुसरी नटी मिळाली नाही म्हणून नाटकच झालं नाही, ऑर्केस्ट्रा आणला. हे मला कळलं तेव्हा मी घरात आदळआपट केली. माझ्यामुळं नाटक बंद पडलं हे मला सहन होईना. त्याच आठवड्यात मी मिरजेच्या आमच्या ऑर्गनवाल्यांना बोलावून घेतलं. इतकी वर्षं माझ्या साथीला बसलेला माणूस. बोलायला गोड, खोटं बोलायला नालायक.

ते पेटी घेऊन बसले. काळी चारमध्ये मी सा लावला आणि तो लागला. पुढं मध्यमापर्यंत कसाबसा गेला आणि तिथून वर नुसती हवा. मी पुन्हा लावला. पुन्हा हवा. त्यांनी पेटीवरून हात काढले. मी म्हटलं, "खाली या." ते एकेक पट्टी उतरत गेले आणि मी गात गेले. काळी दोनला त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "अजून खाली." पांढरी दोनला येऊन आवाज बसला. खरखरीत, जाड, पण भरलेला. मधे कुठं फट नाही.

ते म्हणाले, "ताई, ही पुरुषांची पट्टी आहे."

"मग पुरुषांना काही अडचण आहे का?"

ते हसले, पण पेटी मिटवायला उठले नाहीत. त्या दिवसापासून आम्ही त्या पट्टीत रियाज सुरू केला. मला त्या आवाजाची सवय व्हायला वेळ लागला. आपल्याच घरात कुणी अनोळखी माणूस येऊन बोलतंय असं वाटायचं. मी रडलेही, खोटं कशाला सांगू. पांढरी दोनमध्ये सुद्धा तो शेवटचा वरचा स्वर कधी लागायचा, कधी फुटायचा. लागला की मी दिवसभर खुशीत असायचे आणि फुटला की ह्यांच्यावर डाफरायचे. ते म्हणायचे, "मी काय केलं? मी तर गात न्हाई."

जत्रा जवळ आली आणि फोन आला. गावच्या मंडळाचा अध्यक्ष बोलत होता. तरुण माणूस, दक्षिणेत कुठल्याशा शहरात त्याचं गलाईचं दुकान, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं काम. त्या भागातली निम्मी घरं त्याच धंद्यात, देशभर पांगलेली, आणि जत्रेला सगळी परत येतात. त्याचे वडील आधी अध्यक्ष होते. पहिल्या रांगेत टेप रेकॉर्डर मांडीवर घेऊन बसायचे, एवढं मला आठवत होतं. ते जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा म्हणाला, "आक्का, औंदा नाटक करायचंच. तुमीच पायजे. दुसरी कुनी नको."

मी सांगितलं, "माझी पट्टी उतरली आहे. पहिल्यासारखं होणार नाही."

"त्येची काळजी करू नका आक्का, मी केलीय सोय."

सोय म्हणजे काय ते मी विचारलं नाही. चांगला माईक आणला असेल, असं मला वाटलं.

दुपारी मी आणि ऑर्गनवाले गावात पोचलो. शाळेच्या पटांगणात मंडप, स्टेज, दोन्ही बाजूंना कपाटाएवढे स्पीकर. मी नेहमीप्रमाणं खुर्ची कुठं ठेवत होता ते विचारलं. सुभेदारांनी खडूनं केलेली फुली दाखवली. मी फुलीवर उभी राहिले. इतक्यात अध्यक्ष लॅपटॉप उघडून म्हणाला, "आक्का, ह्ये ऐका."

स्पीकरमधून ऑर्गन वाजला आणि पाठोपाठ मी गायला लागले. काळी चारमध्ये. तेच पद, स्वच्छ, एखाद्या पोरीनं धावत डोंगर चढावा तसं. वडिलांची जुनी कॅसेट त्यानं शहरातल्या स्टुडिओत नेऊन साफ करून घेतली होती. मी ओळखलं स्वतःला, आणि त्याच क्षणी मला तिचा हेवा वाटला. मग राग आला. दोन ओळी झाल्या नसतील, मी ओरडले, "बंद कर ते!"

त्यानं बंद केलं. त्याला काय चुकलं ते कळेना. "आक्का, आवं तुमचाच आवाज हाय की. चोरीचा न्हाई. तुमी फकस्त तोंड हलवा. लोकान्ला कळनार बी न्हाई."

"मला कळेल ना!"

"आता सगळीच करत्यात असं. टीव्हीवर काय वेगळं आस्तंय?"

"मग टीव्ही आणून ठेव स्टेजवर. फुली मारलेलीच आहे."

तो गोरामोरा झाला. "लोक हसतील ओ तुमाला," तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्या बापाच्या राणीला कुनी हसलेलं मला बघवनार न्हाई."

हे त्यानं मनापासून म्हटलं होतं, म्हणूनच ते मला जास्त लागलं. वैऱ्याशी भांडता येतं, कीव करणाऱ्याशी कसं भांडायचं? मी पेटी उचलली. माझी म्हणजे कपड्यांची. एसटी थांब्यावर उभी होती, पाच मिनिटांत सुटणार होती. मी म्हटलं, "मी गाईन तर माझ्या आजच्या गळ्यानं. नाहीतर ही मी निघाले. राणीच्या जागी खुर्ची आहेच तुमच्याकडं, तिच्यासमोर स्पीकर लावा."

सुभेदार मधे पडले. अध्यक्षाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आरं गड्या, लढाईला मानूस जातंय, फोटू न्हाई. ठेव त्ये मशीन." मग माझ्याकडं वळले, "बाई, तुमी म्होरं व्हा. मी कव्हर देतो." सुभेदार कव्हर कसं देणार होते ते देव जाणे, पण मी पेटी खाली ठेवली. अध्यक्षानं लॅपटॉप मिटवला. म्हणजे मला तसं दिसलं.

हल्ली स्पीकरला दहाची मर्यादा आहे, त्यामुळं नाटक दिवेलागणीलाच सुरू होतं. पटांगण भरलं होतं. दक्षिणेतून आलेली माणसं, सुटीवर आलेले जवान, माहेरवाशिणी, पोरंबाळं. पुढच्या रांगेत जुनी माणसं, मला राणी म्हणून ओळखणारी. नांदी झाली, पहिला अंक झाला. बोलण्यात माझी काही अडचण नव्हती. जाड आवाजानं राणीला उलट वजन आलं होतं. टाळ्याही मिळाल्या. मला वाटलं, निभावलं.

दुसऱ्या अंकात दरबार लागला. सुभेदार पुढं आले आणि परेडच्या आवाजात त्यांनी किल्ल्या मागितल्या. ऑर्गनवर पांढरी दोनचा सा आला. मी सुरुवात केली.

पहिल्या ओळीला पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मला स्टेजवरून सगळं दिसतं. दुसऱ्या ओळीला कुजबुज. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "आवाज बसला की ओ बाईचा!" आणि थोडा हशा झाला. मी गात राहिले. असल्या हशांना मी विशीत घाबरले नाही, साठीत काय घाबरते? अंतरा चांगला गेला, माझा मलाच आवडला. मग तो शेवटचा स्वर आला. मी श्वास घेतला, वर गेले, आणि स्वर फुटला. साफ फुटला. चहाची कपबशी फुटावी इतका स्पष्ट.

एक क्षण सगळं पटांगण गप्प झालं. मला तेवढा एक क्षण पुरला असता. पडलेला स्वर उचलायचा असतो, गुरुजींनी शिकवलं होतं, खाली उतरायचं आणि पुन्हा चढायचं. मी श्वास घेतला.

आणि दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून माझा स्वर आला. तोच स्वर. काळी चारचा, वरचा, उभा, न हलणारा. अध्यक्षाला राहवलं नव्हतं. त्यानं लॅपटॉप मिटवलाच नव्हता.

ऑर्गनवाल्यांनी हात उचलून घेतले. पटांगणात चैतन्य आलं. जुनी माणसं उठून उभी राहिली, पोरांनी शिट्ट्या मारल्या. त्यांना वाटलं, बाईनं सावरलं. माझे ओठ अर्धवट उघडे होते. तसेच राहू दिले असते तर निभावलं असतं. कुणालाही कळलं नसतं. आयुष्यात मला इतका सोपा मोठेपणा कधी मिळाला नव्हता.

मी तोंड मिटलं. घट्ट मिटलं. दोन पावलं पुढं आले, दिव्याच्या झोतात उभी राहिले आणि हनुवटी वर केली, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसावं की ही बाई गात नाही. स्पीकर गात होता आणि मी उभी होते. हळूहळू लोकांच्या लक्षात आलं. शिट्ट्या थांबल्या. उभी राहिलेली माणसं तशीच उभी राहिली, बसावं की नाही ते त्यांना कळेना. माझ्या अंगाची आग होत होती. लाजेनं नाही, संतापानं. मला जिवंतपणी माझ्याच आवाजानं झाकून टाकलं होतं.

तो लांब स्वर संपला. आणि त्यानंतर कॅसेटवर जे होतं ते मी दुपारी ऐकलं नव्हतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. जुन्या टाळ्या, जुन्या शिट्ट्या. आणि त्यात माणसांचे आवाज, ओळखीचे, अगदी माईकजवळचे. "वन्स मोअर! वन्स मोअर!" एक आवाज तर इतका जवळचा की टेप ज्याच्या मांडीवर होता त्याचाच असणार. घोगरा, हट्टी, "वन्स मोअर, बाई! वन्स मोअर!"

सुभेदार माझ्या शेजारी उभे होते. दरबार विसरून ते म्हणाले, "आयला, ह्यो तर अध्यक्षाचा बाप." पुढच्या रांगेत एक म्हातारी तोंडाला पदर लावून खाली बसली. तिचंही कुणी त्या गोंगाटात ओरडत असणार. गावातली गेलेली माणसं दोन्ही स्पीकरमधून पद पुन्हा मागत होती. स्टेजखाली अध्यक्ष लॅपटॉपवर हात ठेवून उभा होता, बटण दाबायला गेलेला हात तसाच राहिलेला, आणि गालांवरून पाणी. त्याला हे बंद करवत नव्हतं. मला आधी वाटलं होतं त्यानं माझी कीव केली. त्यानं बापाला ऐकायचं ठरवलं होतं, मी फक्त निमित्त होते. माझा त्याच्यावरचा राग तिथंच निम्मा झाला.

मग कॅसेट संपली. आवाज मधेच तुटले.

संगीत नाटकात एक नियम आहे. वन्स मोअर आला की तो द्यायचा. दमलात, घसा बसला, गाडी चुकतेय, काहीही असो. प्रेक्षक मागतो आणि नट देतो. माझ्या गुरुजींनी तापानं फणफणलेले असताना दिला होता आणि मीही बाळंतपणानंतर महिन्याच्या आत दिला होता. त्या पटांगणात जिवंत माणसांपैकी कुणीही मागितला नव्हता. पण मागितला तर होता, हे सगळ्यांनी ऐकलं होतं.

मी माईकजवळ गेले. मी म्हटलं, "मघाशी गात होती ती मीच. तिला टाळ्या मिळाल्या, त्याही माझ्याच. पण ज्यांनी वन्स मोअर मागितलाय त्यांना तो आज द्यायचाय, आणि तो देणार ही, आजची. ज्याला हसायचं त्यानं आत्ता हसून घ्यावं."

कुणी हसलं नाही. मी ऑर्गनवाल्यांकडं वळून म्हटलं, "पांढरी दोन." त्यांचा सा माझ्या शब्दाआधी आला.

मी पद पहिल्यापासून घेतलं. घाई केली नाही. जाड, खरखरीत, पुरुषांच्या पट्टीतला आवाज, आणि त्यात जे काही होतं ते सगळं लावलं. डॉक्टर, भावकी, मंडईतले चेहरे पाडणारे, सगळ्यांच्या छाताडावर पाय देऊन गायले. शेवटचा स्वर आला तेव्हा मी वर गेले. तो काळी चारसारखा स्वच्छ लागला नाही. लागला तो चिरलेला, कडेला हवा सुटणारा. पण मी तो सोडला नाही. जितका वेळ ती कॅसेटवरची पोरगी धरायची त्यापेक्षा एक श्वासभर जास्त धरला आणि तो फुटायच्या आत माझ्या मर्जीनं खाली ठेवला.

सुभेदारांचं वाक्य होतं. त्यांना ते आठवेना. ते खडूच्या फुलीकडं बघत नव्हते, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एखादा प्रधान सरळ माझ्या डोळ्यांत बघत होता. टाळ्या सुरू झाल्या होत्या, मागून पुढं येत होत्या. मी त्या संपायची वाट बघितली नाही. कमरेच्या किल्ल्या हातात घेतल्या, त्यांच्या नाकासमोर वाजवल्या आणि त्यांच्या वाक्याची वाट न बघता मीच म्हटलं, "किल्ल्या पाहिजेत ना प्रधानजी? या, घ्या."

ते एक पाऊल मागं सरले.